सातवी सोंड

अकरा वर्षांत सहा. कतारमध्ये राहून एवढ्या सोंडा पाहिलेला मराठी माणूस दुसरा नसेल, असं माझ्या नवऱ्याचं म्हणणं होतं, आणि ते खोडून काढायला दुसरं कोणी या फंदात पडलेलंही नव्हतं.

सोंड म्हणजे टोर्नेडो. ढगातून खाली उतरणारा, गरगर फिरणारा वाऱ्याचा खांब. आम्ही घरात सोंड म्हणायचो, कारण पहिली दिसली तेव्हा लेक तीन वर्षांची होती आणि ढगात हत्ती आहे असं तिने जाहीर केलं होतं. अमेरिकेत त्या जमिनीवर उतरतात आणि घरांची छपरं उडवतात. इथे उतरल्याच तर समुद्रावर उतरतात, पाच-दहा मिनिटं पाणी घुसळतात आणि विरून जातात. तेही हिवाळ्यात किंवा मार्च-एप्रिलमध्ये ढग जमून आले, गडगडलं, तर. एरवी वर्षभर आकाश कोरडं ठणठणीत. ज्या देशात छत्री शोधायला दोन दुकानं फिरावी लागतात, तिथे या माणसाने वादळं बघण्याचा छंद लावून घेतला. घोडं घ्यायचं आणि समुद्रात पळवायचं, अशातली गत.

छंद लावला त्याच्या प्लांटवरच्या एका अमेरिकन सहकाऱ्याने. तो म्हातारा कॅन्ससकडचा होता. सुट्टीत गावी गेला की गाडी घेऊन वादळांच्या मागे फिरायचा. त्याने त्रेसष्ट मोजल्या होत्या. एकदा आमच्याकडे जेवायला आला तेव्हा वरण-भात खाता खाता त्याने मोजण्याचे नियम सांगितले. नवरा पानावर बसल्या बसल्या ते लिहून घेत होता. आमटी निवली तरी पठ्ठ्याचं लक्ष नाही.

नियम असे. स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलेलीच धरायची. फोनच्या पडद्यावर, व्हिडिओत, दुसऱ्याच्या फोटोत पाहिलेली नाही. ढगातून नुसती शेपटी लोंबत असेल तर ती सोंड नव्हे. तिचा पाय जमिनीला किंवा पाण्याला लागला पाहिजे. पाय उचलला आणि तीच पुन्हा टेकली, तर ती एकच. उन्हाळ्यात रस्त्याच्या कडेला वाळूच्या वावटळी उठतात, त्या धरायच्या नाहीत, कारण त्यांच्या डोक्यावर ढग नसतो. म्हातारा म्हणाला, आकडा खोटा सांगणारे त्याच्या ओळखीत बरेच होते. पण तिकडे एकेका वादळामागे वीस-पंचवीस गाड्या असतात, त्यामुळे थाप मारली की संध्याकाळपर्यंत उघडी पडते.

इथे आमची एकच गाडी. मग नवऱ्याने स्वतःचा एक नियम वाढवला: साक्षीदार हवा. आणि साक्षीदार म्हणजे मी. वहीत पाच रकाने होते. तारीख, वेळ, दिशा, वर्णन आणि साक्षीदार. शेवटच्या रकान्यात माझी सही. लग्नाच्या रजिस्टरवर मी एकदाच सही केली, या वहीत दर सोंडेला.

साक्ष घेण्याचीही पद्धत होती. त्याला काय दिसतंय ते तो आधी सांगायचा नाही. मलाच विचारायचा, दिसतेय का, कुठल्या दिशेला, कुठे झुकलीय, पाय टेकलाय का. माझं उत्तर त्याच्या मनातल्या उत्तराशी जुळलं तरच नोंद. इन्स्ट्रुमेंट इंजिनिअर माणूस. एका मीटरवर विश्वास ठेवायचा नाही, दुसऱ्याने ताडून बघायचं, हे त्याच्या हाडीमाशी भिनलेलं.

तो लबाड नव्हता, हे मुद्दाम सांगते. चौथ्या सोंडेच्या वेळी ती एकदा वर गेली आणि अर्ध्या मिनिटाने थोडी पलीकडे पुन्हा टेकली. याने चौथी आणि पाचवी अशा दोन नोंदी केल्या. मग रात्रभर तळमळला आणि सकाळी म्हाताऱ्याला व्हिडिओ कॉल लावला. म्हातारा तोवर रिटायर होऊन गावी गेला होता. त्याने सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाला, ढग तोच ना, मग एकच. नवऱ्याने पाचवी खोडली. दोन दिवस घरात सुतकी चेहरा. मी म्हटलं, "अहो, कोण बघतंय तुमची वही?" तर म्हणाला, "मी बघतो ना."

आता सातवीचं सांगते.

त्या वर्षी मला काही वाटेनासं झालं होतं. कारण विचारू नका, मलाच माहीत नाही. कोणी गेलं नव्हतं, नोकरी शाबूत होती, ओल्ड एअरपोर्ट भागातला फ्लॅट तोच, शाळा चालत दहा मिनिटांवर. मी नववी-दहावीला विज्ञान शिकवते. सकाळी उठायचं, डबे भरायचे, शिकवायचं, पेपर तपासायचे. जेवणात मीठ कमी आहे हे दुसऱ्याने सांगेपर्यंत कळायचं नाही. कोणी काही विचारलं की हो म्हणायचं, कारण नाही म्हटलं की पुढे बोलावं लागतं. कॉलनीतल्या गणपतीच्या कमिटीत नाव घालू का? हो. भिशीत येतेस का? हो. लेक म्हणाली, "आई, यू से येस टू एव्हरीथिंग." मी त्यालाही हो म्हटलं. बाहेरून बघणाऱ्याला मी फार समजूतदार वाटत असणार.

मार्चमधला शनिवार होता. दुपारी ढग आले. नवरा सकाळपासून गच्चीवर चकरा मारत होता. तीन वाजता म्हणाला, "चला, चला, यल्ला!" आणि आम्ही तिघं निघालो. वाटेत त्याने करक चहा घेतला, नेहमीसारखा, घट्ट गोड. त्याला सात-आठ वर्षं शुगर होती. गोळ्या घ्यायचा, आणि वरून करकही घ्यायचा. डोळे दरवर्षी तपासून घ्या असं डॉक्टरांनी बजावलं होतं, आणि दरवर्षी आम्ही ते पुढच्या सुट्टीत पुण्याला गेल्यावर करू म्हणायचो. पुण्याला गेल्यावर लग्नं-मुंजी असायच्या.

शहराबाहेर, वकरा गावाच्या पुढे, समुद्राला लागून मोकळी जागा आहे, तिथे गाडी लावली. ढग काळे होते खरे. वारा सुटला होता, वाळू उडत होती, समुद्राचा रंग शिशासारखा झाला होता. लेक मागच्या सीटवर कानात इअरफोन घालून. मी पुढे, मांडीवर नववीच्या पेपरांचा गठ्ठा. नवरा बाहेर बॉनेटला टेकून उभा. वीस मिनिटं काही नाही.

मग तो ताठ झाला. खिडकीशी आला. आवाज एकदम हळू. "दिसतेय का?"

मी मान वर केली. समुद्र, ढग, दूर एक मालवाहू जहाज. बाकी काही नाही.

इथे मी "कुठे?" म्हणायला हवं होतं. पण कुठे म्हटलं असतं तर गाडीतून उतरावं लागलं असतं, दुर्बीण घ्यावी लागली असती, अर्धा तास वाळू खात उभं राहावं लागलं असतं. आणि चौतीस पेपर राहिले होते. मी म्हटलं, "हो."

"दिशा?"

तोंडी परीक्षेला न वाचता आलेली मुलं काय करतात ते मला वीस वर्षं माहीत आहे. ती प्रश्नाकडे लक्षच देत नाहीत. ती बाईंचा चेहरा बघतात. मी त्याचा चेहरा बघितला. तो जहाजाच्या उजवीकडे बघत होता. "आग्नेय," मी म्हटलं.

"झुकलीय कुठे?"

त्याची मान नकळत डावीकडे कलली होती. "डावीकडे."

"पाय?"

तो श्वास धरून उभा होता. पाय टेकला नसता तर त्याने श्वास धरला नसता. "टेकलाय," मी म्हटलं.

त्याचा चेहरा उजळला. मागून लेक म्हणाली, "व्हॉट आर यू गाइज लुकिंग ॲट? देअर इज नथिंग देअर." तिने एक इअरफोन काढला होता. मी मागे वळून म्हटलं, "तू फोनमध्ये डोकं घालून बसलीस तर तुला काय दिसणार?" तिने खांदे उडवले आणि इअरफोन पुन्हा घातला. तिला गप्प करणं इतकं सोपं होतं.

नवऱ्याने फोटो काढले. "सरकतेय," तो म्हणत होता, "बघ, मी इकडे बघितलं की इकडे सरकतेय." मी हो म्हटलं. चार मिनिटांनी ती पुसट झाली म्हणाला. फोटोत काहीच आलं नाही. धुळीमुळे, असं त्याने ठरवलं. शिवाय नियमात फोटो नव्हताच, डोळे होते. त्याने वही काढली. मी सही केली. येताना त्याने स्टिअरिंगवर बोटांनी ताल धरला होता. मी वळणावळणाला पेपरांचा गठ्ठा सांभाळत होते.

दुसऱ्या दिवशी तो चष्मा पुसत होता. दोन-तीन दिवसांनी म्हणाला, उजव्या डोळ्यापुढे कोळिष्टकासारखं काहीतरी येतंय, नंबर वाढला वाटतं. मी म्हटलं, दाखवून घ्या. म्हणजे हो म्हणावं तसंच म्हटलं. तो म्हणाला, जुलैत पुण्याला गेलो की नवीन चष्माच करतो. मी म्हटलं, बरं.

त्या कोळिष्टकाचा आणि सातव्या सोंडेचा संबंध त्याने जोडला नाही, कारण तो जोडणार कसा? सोंड खरी होती. साक्षीदाराने दिशा सांगितली होती, झुकाव सांगितला होता, पायसुद्धा सांगितला होता. दोन मीटर जुळले होते.

सात आठवड्यांनी, मे महिन्यात, तो प्लांटवरून फोन करून म्हणाला, "उजव्या डोळ्यासमोर पडदा आलाय. काळा. तू येतेस का?" आवाज शांत होता. मी हाफ डे टाकून गेले.

डोळ्यांचे डॉक्टर बहुधा जॉर्डनचे होते. मऊ बोलणारे. त्यांनी थेंब घातले, बराच वेळ दिव्यातून बघितलं, मग खुर्ची मागे सारून इंग्रजीत समजावलं. शुगरमुळे डोळ्याच्या आतल्या पडद्यावर नाजूक रक्तवाहिन्या उगवतात, त्या फुटतात, रक्त आत सांडतं. आता पडदाही ओढला गेलाय. ऑपरेशन लगेच करावं लागेल. किती परत येईल, सांगता येत नाही. इन्शाल्ला, थोडंफार.

मग त्यांनी विचारलं, "हे एकदम झालं? आधी काही नव्हतं? एखादा काळा धागा, रेघ, नजर फिरवली की सरकणारी?"

नवऱ्याच्या बाहुल्या थेंबांनी मोठ्या झालेल्या, त्यामुळे त्याचा चेहरा निराळाच दिसत होता. त्याने शर्टाच्या खिशातून वही काढली आणि माझ्या हातात दिली. त्याला वाचता येत नव्हतं. "शेवटची नोंद वाच," म्हणाला.

मी वाचली. तारीख. दुपारी तीन चाळीस. आग्नेय. बारीक, काळपट, डावीकडे झुकलेली, हलती. साधारण चार मिनिटं, मग पुसट.

"त्या दिवशी तू पाहिली होतीस ना?" त्याने विचारलं.

माझ्याकडे तेव्हाही एक हो शिल्लक होतं. तोंडापर्यंत आलंही. पण समोर डॉक्टर पेन धरून बसले होते, आणि त्यांना तारीख हवी होती.

"नाही," मी म्हटलं.

"मग दिशा कशी सांगितलीस?"

"तुमच्या तोंडाकडे बघून."

"झुकाव?"

"तोही."

डॉक्टरांनी विचारलं, "व्हॉट इज शी सेइंग?" नवऱ्याने त्यांना इंग्रजीत सांगितलं, "ती म्हणतेय, समुद्रावर काही नव्हतं. म्हणजे पहिल्यांदा तेव्हाच दिसलं. सात आठवडे झाले." डॉक्टरांनी लिहून घेतलं. मी विचारलं, तेव्हाच आलो असतो तर? ते म्हणाले, नक्की सांगणं बरोबर नाही, पण त्या आठवड्यात लेझर करता आलं असतं. त्यांनी माझ्याकडे बघितलं नाही. चांगला माणूस होता.

त्या खुर्चीत बसून मला काही वाटलं नाही. हे सांगायची मला सगळ्यात जास्त लाज वाटते. मी भिंतीवरचा अक्षरांचा तक्ता वरून खालपर्यंत वाचला, शेवटची ओळही नीट वाचता आली, आणि माझे डोळे चांगले आहेत एवढंच मनात आलं.

वाटायला लागलं ते पुष्कळ उशिरा, ऑपरेशननंतर. डॉक्टरांनी त्याला मान खाली घालून झोपायला सांगितलं होतं. दहा दिवस तो पालथा पडून होता आणि मी जमिनीवर बसून त्याला चमच्याने भात भरवत होते. एकदा घास चुकला, गालाला लागला, आणि तो म्हणाला, "थोडं डावीकडे." बस, एवढंच. मी स्वयंपाकघरात जाऊन नळ सोडला आणि ओट्याला धरून रडले. मग तोंड धुऊन परत आले, कारण भात निवत होता.

उजव्या डोळ्याने त्याला आता उजेड कळतो, हात हलवला तर कळतं. डाव्याला लेझर केलं, पण तोही धूसर आहे; टीव्हीवरची अक्षरं दिसत नाहीत, माणसं आवाजावरून ओळखतो. कंपनीने त्याला प्लांटवरून काढून ऑफिसात बसवलं. गाडी मी चालवते. त्याने मला एका शब्दाने बोल लावला नाही. बोलला असता तर मी ऐकून घेतलं असतं, कदाचित भांडलेही असते. तो फक्त मला काही विचारेनासा झाला. दूध उतू जातंय का हे तो लेकीला विचारतो. शर्टाला डाग आहे का हे लेकीला. मी त्याच खोलीत असते. सातवी त्याने लेकीकडून खोडून घेतली. त्याला रेघ सरळ मारता येत नव्हती.

आता मी हो म्हणत नाही. गणपतीच्या कमिटीतून नाव काढलं, भिशी सोडली. लोक म्हणतात, नवऱ्याच्या आजारपणाने बिचारी चिडचिडी झाली. झाले असेन.

यंदा डिसेंबरात ढग आले तेव्हा मीच म्हटलं, जाऊ या. तो म्हणाला, आता काय बघणार? लेक म्हणाली, "चल ना बाबा." मग उठला. मी उत्तरेकडे फुवैरितपर्यंत गाडी नेली. तास-सव्वातासाचा रस्ता. तो पुढे, ती मागे. तो काच खाली करून वाऱ्याचा वास घेत होता.

किनाऱ्यावर पोचून पाच मिनिटं झाली नसतील. ढगाचा तळ वाटीसारखा खाली आला, त्याला टोक फुटलं आणि टोक उतरत उतरत पाण्यापर्यंत गेलं. मी आजवर पाहिलेल्या सहांपेक्षा मोठी. बुडाशी पाणी उसळून पांढरं होत होतं. आवाजही येत होता, लांबून ट्रक जात असल्यासारखा. मी गाडीतून उतरले, धावत त्याच्या बाजूला गेले, दार उघडलं.

"आहे," मी म्हटलं. "अहो, आहे. ईशान्येला. सरळ उभी आहे, झुकलेली नाही. पाय टेकलाय, बुडाशी पाणी उडतंय."

त्याने समुद्राकडे तोंड केलं. मग मान मागे वळवली.

"तू सांग गं," तो लेकीला म्हणाला. "आहे का?"

ती उतरली, वाळूत थोडी पुढे गेली. "येस बाबा. इट्स देअर. इट्स ह्यूज."

"दिशा?"

तिने सांगितली. झुकाव सांगितला, पाय सांगितला. तेच सगळं, जे मी आत्ताच सांगितलं होतं. आता त्याचा चेहरा हलला. त्याने खिशातून वही काढून तिच्या हातात दिली.

"माझी नाही धरता येणार," तो म्हणाला. "मला दिसत नाहीये. तुझी धर. नवीन पान घे. एक."

ती बॉनेटवर वही ठेवून लिहायला लागली. तारीख, वेळ, दिशा. वारा पान उडवत होता, ते मी एका बाजूने दाबून धरलं. शेवटच्या रकान्याशी ती थांबली आणि माझ्याकडे पेन धरलं. "बाबा, विटनेस आई ना?"

तो समुद्राकडेच तोंड करून होता.

"तो रकाना मोकळा ठेव," तो म्हणाला.